ट्रान्समीटरमधला कुत्रा

“ब्रह्मांडातली प्रत्येक लहर माझ्या आज्ञेत आहे!” लहरीबाबांनी हात उंचावून जाहीर केलं आणि त्यांचा माईक कुंईऽऽ करून मेला. मंडपवाल्यानं येऊन दोन थपडा मारल्या. माईकला. मग ब्रह्मांड पुढे सुरू झालं.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे पाचएकशे माणसं बसली होती. व्यासपीठावर हार घातलेला टीव्ही आणि त्याच्यापुढे बशीत दूधपोळी. ती कुत्र्यासाठी.

“दत्तगुरूंचा श्वान टीव्हीच्या ट्रान्समीटरमध्ये बसला आहे,” बाबा सांगत. “दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मी त्याला हाक देतो. तो चित्र गिळतो. मी म्हटलं की ओकतो.”

आणि तसं व्हायचंही. पाच गुरुवार झाले होते. बाबा ‘थांब!’ म्हणाले की साऱ्या शहरातले पडदे काळे पडत आणि अकरा आकडे मोजून ‘चल!’ म्हणाले की चित्र हजर.

उत्तरा मागे उभी होती. हिंगण्याच्या वाटेवरच्या टीव्ही प्रक्षेपण केंद्रात ती कनिष्ठ इंजिनिअर होती, म्हणजे कुत्रा तिच्याच खात्याचा. पण तिची नजर होती पहिल्या रांगेतल्या आईवर. रंभाबाईंना मधुमेह. पायाच्या अंगठ्याला जखम, त्यावर पट्टी. बाबांनी टीव्हीवर ठेवलेलं पाणी ‘लहरजल’ म्हणून पाजलं होतं आणि इन्सुलिनची सुई बंद करवली होती. डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, आणखी उशीर केला तर पाय जाईल आणि पायामागून बाईही.

उत्तरा पुढे जाऊन आईजवळ वाकली. “आई, चल घरी. सुई घे.”

“काहून? बाबाचा कुत्रा साऱ्या नागपूरचा टीव्ही थांबवून राहिला, अन् माही साखर नाही थांबवणार?”

उत्तरानं घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, “ऐका! आज सात-पाचला चित्र थांबणार नाही. सात-बाराला थांबेल. कोणी हाक न मारता!”

“सातबारा? कोणाच्या वावराचा गा?” मागून एकानं विचारलं. हशा पिकला.

“बसवा तिले खाली! मायच्या जिवावर उठली!” एक चप्पल आली. नेम चुकला, ती दूधपोळीत पडली.

सात-पाच झाले. बाबा गरजले, “थांब!”

पडद्यावरचा माणूस गाईच्या अंगावरच्या गोचिडांबद्दल बोलत राहिला.

“थांऽऽब!”

गोचीड थांबले नाहीत.

बाबांनी डोळे मिटले. “श्वान रुसला आहे. सभेत एक पापीण आहे.”

पाचशे माना उत्तराकडे वळल्या. दोघांनी तिचे दंड धरले. ती म्हणाली, “सात मिनिटं थांबा. मग मारा.”

ती सात मिनिटं बाबांनी पापावर खर्च केली. घसा सुकला, त्यांनी पाण्याचा मोठा घोट घेतला आणि नेमक्या त्याच वेळी पडदा काळा झाला. भरल्या तोंडानं आज्ञा देता येईना. सवयीनं लोकांनीच मोजलं, “एक, दोन, तीन…” अकराला चित्र परत आलं. बाबांना तोवर ठसका लागला होता.

दंड सुटले. उत्तरानं केंद्राच्या चौकीदाराला हाक मारली. तो बाबांच्या पायाशीच बसला होता. “धोंडबा, बाबाले कुत्र्याचं कोणं सांगितलं?”

“मीच जी, ताई. आपले मोठे सायेब वामनराव म्हणे का मशीनच्या कार्डात वॉचडॉग हाये. म्या म्हटलं, बापा! मशीनमंदी कुत्रा!”

“अन् टाइम?”

“गुरुवारी सात-पाचले मशीन बसते अन् उठते, तेही सांगतलं. खोटं थोडी बोललो?”

खोटं नव्हतंच. उत्तरानं समजावलं : ट्रान्समीटरची वीज, उष्णता, पंखे या सगळ्यांवर एक लहानसं कार्ड नजर ठेवतं. त्यातल्या चिपमध्ये कायमचा प्रोग्राम लिहिलेला असतो. प्रोग्रामनं दर क्षणी एका टायमरला खूण करायची. खूण चुकली, की टायमर त्याला पहिल्यापासून सुरू करतो. त्या टायमरला इंग्रजीत म्हणतात वॉचडॉग, राखणीचा कुत्रा. तो जागा आहे ना, हे बघायला प्रोग्राम दर गुरुवारी सकाळी सात-पाचला, प्रक्षेपण नसताना, मुद्दाम अडकून बसतो. टायमर त्याला पुन्हा उठवेपर्यंत अकरा सेकंद ट्रान्समीटर बंद राहतो.

“पण थे तं संध्याकाळी होते!” धोंडबा म्हणाला.

“सात आठवड्यांमागं कार्डाची बॅटरी बदलली. केंद्रप्रमुख वामनरावांनी संध्याकाळी घड्याळ लावलं अन् चुकून सकाळ लावली. आज त्यांनीच परवानगी दिली, म्हणून मी ते सात मिनिटं मागं केलं. बाबाले कोणी कळवलं नाही.”

बाबा व्यासपीठावरून मागच्या मागे उतरले होते.

“चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा,” उत्तरा म्हणाली, “हे बाबाशिवाय होतं का? अन् टीव्ही थांबला म्हणून रोग थांबतो, हे कोणी तपासलं?”

घरी आल्यावर रंभाबाईंनी टीव्ही लावला, त्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “आण तुही सुई.”

उत्तरानं सुई भरली. रंभाबाईंनी लुगडं मांडीपर्यंत सरकवलं आणि झटकन खाली ओढलं.

“आता काय झालं, आई?”

“टीव्ही बंद कर वं आधी. तो बातम्यावाला पाहून राहिला.”