बारा मिनिटांचा खून

तीन तास बारा मिनिटं. सिनेमाच्या संकलिकेने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला आणि खुर्ची मागे सरकवली.

"बेचाळीस मिनिटं जायला हवीत," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत. नाहीतर वितरक दुसऱ्या कुणाकडून कापून घेईल."

दिग्दर्शक तिच्या मागे येरझाऱ्या घालत होता. जुन्या हॉलिवूडमधल्या एका नटीचा खून, कोर्टाच्या कागदांवरून तपशीलवार उभा केलेला. या सिनेमात त्याची सहा वर्षं गेली होती. सगळंच देखणं झालं होतं, अडचण तीच होती. कुठेही कात्री लावायला गेलं, की पोटच्या पोराला कुणी इंजेक्शन देत असल्यासारखा तो तोंड फिरवायचा.

तेवढ्यात संकलिकेचे वडील आले. ती विसरलेली घराची किल्ली द्यायला. पोलीस खात्यात तीस वर्षं बोटांचे ठसे उचलून निवृत्त झालेला माणूस.

"आलोच आहे तर बसतो जरा," म्हणत ते कोपऱ्यातल्या सोफ्यावर टेकले.

जरा म्हणता म्हणता त्यांनी सबंध सिनेमा पाहिला. मध्ये एकदाच उठले. बारा मिनिटांचा खुनाचा प्रसंग सुरू झाला, तसे ते चहाचा कप विसळायला गेले आणि तो संपल्यावरच परतले.

दिग्दर्शकाला लागलं. त्या प्रसंगाचं चित्रीकरण अकरा दिवस चाललं होतं.

"काका, सिनेमाचा जीव तिथेच आहे."

"असेल. झकासच केलं असशील तू. पण असल्या खोल्यांत मी जन्म काढलाय. आत गेलं की दाराच्या मुठीपासून सगळं कळायचं. तिथे कोण राहत होतं, तेवढं मात्र कळायचं नाही." ते पुढे म्हणाले, "ती नटी आरशासमोर संवाद पाठ करते, चुकते नि स्वतःलाच हसते, ते छान आहे. आणखी असतं तरी चाललं असतं."

मुलीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. कापायच्या यादीत पहिला प्रसंग तोच होता.

"आणखी? बाबा, आम्ही इथे कापायला बसलोय."

"मग काप की. मी कुठे हात धरलाय?"

 दिग्दर्शक स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

"नटी खोलीत जाते, दार बंद होतं, तिथे थांब. पुढचा खून काढ. त्याच्यावर उभी असलेली चौकशीही काढ."

"अरे, हा खुनाचा सिनेमा आहे."

"मलाही तसंच वाटत होतं."

तिने काप दिला. एरवी हुज्जत घालणारा तो, प्रत्येक जोड लागताना नुसती मान हलवत होता. दोन तास चौतीस.

"चार मिनिटं अजून जास्त आहेत."

"चार मिनिटांसाठी मी भांडेन वितरकाशी. लाव."

तिने तो भाग लावला. नटी खोलीत जाते. दार लागतं. लगेच सकाळ. कामवाली बाई दोरीवरचे नटीचे धुतलेले मोजे काढते, नीट घडी घालते आणि ते आता कुणाला द्यायचे हे न समजून, हातात धरून अंगणात उभी राहते.

दिग्दर्शक मागे वळला.

"काका, ती मेली हे कळतंय का?"

वडिलांनी दोन्ही पाय सोफ्याखाली ओढून घेतले होते, खोलीतल्या कशालाही धक्का लागू नये तसे.

"कळतंय," ते हलक्या आवाजात म्हणाले.