बटणावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. जन्मभर मी फक्त घुरघुरत आलो.

मला खारबावला पंढरीकाकांच्या घरी टेम्पोतून उतरवलं, तेव्हा कमळकाकूंनी मला हळदकुंकू लावलं. माझ्यातलं गार पाणी प्यायला आळीतल्या बायका जमल्या. फार कौतुक झालं माझं. पुढे एकदा काकांनी चुकून भिंतीवरचं माझं बटण बंद केलं आणि लेकीच्या, उन्नतीच्या, साखरपुड्याची सुरमई नासली. त्या दिवशी काकूंनी बटणावर चिकटपट्टी लावली. मग भिंत रंगवताना पट्टीवरही रंग बसला. खाली बटण आहे हेच घर विसरून गेलं.

मित्रांनो, फ्रीज सतत राबत नाही. आत पुरेसा गारवा झाला की तो थांबतो. पूर्वी मी तासातला निम्मा वेळ विसावत असे. घरामागे भातशेती होती, तिकडून वारा यायचा. आता तिथे पत्र्याची गोदामं आहेत. ऊन फाल्गुनातच चटके देऊ लागतं आणि सूर्य मावळला तरी भिंती निवत नाहीत. त्यात मला भिंतीला टेकवून ठेवलेलं, अंगावर झालरीचं कापड. माझी पाठ भाजून निघते. गेले दोन उन्हाळे मी क्वचितच थांबलो असेन. पंखेही दिवसरात्र फिरत होते.

यंदा विजेचे युनिट गेल्या वर्षीच्या दीडपट झाले आणि घरात संशय शिरला.

काका आधी मीटरवर वहीम घेऊ लागले, मग वायरमनवर. शेवटी त्यांची नजर मागच्या खोलीवर गेली. तिथे काशी भाड्याने राहते. गणेशपुरीकडची, एकटी, गोदामात पॅकिंगचं काम करते. तिला मधुमेह आहे. तिची इन्सुलिनची बाटली माझ्या दारातल्या कप्प्यात असते. नेमका त्याच महिन्यात तिने टेबलफॅन आणला.

"भितीला भोक पारून तिनी आपली लाइन घेतलीय," काका म्हणाले. "मना पयल्यापासून वहीम व्हता."

"अवो, ती कनाला चोरी करेल? गरीब हाय ती," काकू म्हणाल्या. पण त्याही भिंतीकडे पाहू लागल्या. काशी दारातून गेली की त्यांचं बोलणं थांबे. मला ते बोलण्याहून वाईट वाटे.

मग एका रविवारी भरदुपारी काकांनी परीक्षा घ्यायची ठरवली. घरातलं सगळं बंद करायचं. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकला, तर वीज दुसरीकडे जाते हे सिद्ध. त्यांनी पंखे बंद केले, टीव्हीची पिन काढली, मोबाइलचे चार्जर उपटले. देव्हाऱ्यातला लाल बल्बसुद्धा हात जोडून विझवला. माझ्या समोरून ते तीनदा गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर दिवा लुकलुकतच होता.

"बग! बग!" काका ओरडले. "आपल्या घरान काय बी चालू न्हाय. काशे, भाहेर ये! आजच्या आज खोली खाली कर!"

काशी बाहेर आली. "काका, माझा पंखा माझ्या मीटरवर हाय. या, बघा."

"चोर कदी सांगतो का, मी चोर हाय म्हनून?"

काशीने काकूंकडे पाहिलं. काकू पदराने घाम पुसत राहिल्या. मग काशी सरळ आत आली, माझं दार उघडून तिने बाटली घेतली.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडायला हवं होतं. दिव्याचं कारण मी आहे हे मला कळत होतं. पण संकोचाने मी गप्प बसायचा प्रयत्न करत होतो. तेही साधलं नाही. बाहेरच्या उन्हाने माझी मोटर थांबू शकत नव्हती, आणि पंखे बंद असल्यामुळे घरात दुसरा आवाजच नव्हता.

बाटली हातात धरून काशी थबकली.

"मावशी," ती काकूंना म्हणाली, "सगळं बंद केलंत ना? मग हा कोण बोलतोय?"

काकू आत येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नखाने रंग खरवडला, पट्टी ओढली आणि बटण दाबलं. मी शांत झालो. बाहेरून काकांचा आवाज आला, अगदी बारीक.

"दिवा थांबला गो."

मग काकूच म्हणाल्या, "घ्या! ह्या चोराला आपन सुरमई खायला घालतो."

हसलं कोणीच नाही. काका दारात येऊन म्हणाले, "काशी, बाटली ठेव आत. खोलीचं मी बोललो ते इसर." काशीने ती ठेवली नाही. ओल्या मडक्यात ठेवेन म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून मी भिंतीपासून वीतभर पुढे उभा आहे. कापड काढलंय, माझ्यामागची जाळी काकू पुसतात, दार उघडं ठेवून कोणी विचार करत उभं राहत नाही. मी पुन्हा थोडा वेळ थांबू लागलो आहे. पण ऊन आहे तेवढंच आहे. माझ्या एकट्याने ते कमी होणार नाही.

तिसऱ्या दिवशी मडक्यातलं पाणीही कोमट झालं, म्हणून काशीला बाटली परत आणावी लागली. आता ती येते तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबून विचारते, "मावशी, फ्रीज उघडू का?" दोन्ही हात दिसतील असे पुढे धरते.

"उघड गो, इचारतेस काय?" काकू रोज म्हणतात. ती रोज विचारते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. उन्हाळा वाढला की वीजही जास्त जाणार. ती कुठे जाते ते आधी स्वतःच्या घरात शोधा. माझ्यासारख्यांना भिंतीपासून दूर ठेवा, पाठीला वारा लागू द्या. आणि माणसावर बोट रोखण्याआधी घरातले पंखे थांबवून घटकाभर कान द्या. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं. काशीचे ते दोन हात खाली कसे आणायचे, ते मला माहीत नाही.