मॅलाकी टुलीचं मत

शिकागो. एप्रिलमधला मंगळवार. गटारांच्या कडेला काळवंडलेला बर्फ.

सेत्तिमोच्या न्हावीखान्यात सकाळपासून पाणी उकळतंय.

गुत्त्याच्या पुढच्या दाराला मतदानाचं कुलूप. मागचं दार सताड उघडं.

एका माणसाने नाताळपासून दाढी वाढवली आहे.

तो माणूस डर्मट टुली. दाढी वाढवायला क्वेडने सांगितलं होतं, म्हणजे वॉर्डाच्या पुढाऱ्याने. आज डर्मटने आधी दाढीसकट मत द्यायचं, मग कल्ले ठेवून, मग नुसत्या मिशीवर, शेवटी तुळतुळीत. दर वेळी नाव वेगळं. महापौर आपला झाला की डर्मटला नगरपालिकेत कायमची नोकरी. सबंध हिवाळा घरी बसून काढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

"हे पहिलं नाव," क्वेडने त्याच्या हातात चिठ्ठी कोंबली. "आणि फुली आपल्याच पक्षाच्या गोलात. चुकलास तर नोकरी विसर."

चिठ्ठीवर मॅलाकी टुली.

"क्वेडसाहेब, हा माझा बाप."

"मग पाठ करायचा त्रास वाचला की!"

"जन्मभर तुमच्या विरोधात मत दिलं त्याने."

"मेल्यावर सगळेच सुधारतात रे."

पट्ट्यावर वस्तरा घासता घासता सेत्तिमोने आरशातून पाहिलं. "दाढीत अगदी तुझा म्हातारा दिसतोस," तो एवढंच म्हणाला.

मतदानाच्या टेबलामागचा कारकून शेजारच्या गल्लीतलाच. "या मॅलाकीदादा! बऱ्याच दिवसांनी उठलात!" सगळे खो खो हसले. डर्मटही हसला. मग पडद्याआड गेला.

पेन्सिल दोरीला बांधलेली होती. क्वेडच्या गोलावर त्याने टोक टेकवलं. मतदानाच्या दिवशी बाप धुतलेला सदरा घालायचा, दाढी विंचरायचा, आणि दर वेळी हरून घरी यायचा. त्या हट्टापायी कुठे काम टिकलं नाही. डर्मटला त्याचा राग यायचा. अजूनही होता. पण चिठ्ठीवर नाव डर्मटचं नव्हतं.

त्याने पेन्सिल उचलली आणि शेजारच्या गोलात फुली मारली, कागद फाटेल इतकी दाबून.

"झालं?" बाहेर क्वेडने विचारलं.

"म्हाताऱ्याने दिलं मत."

"शाब्बास!"

डर्मट सेत्तिमोच्या खुर्चीत जाऊन बसला. "कल्ले ठेव."

उरलेली तीन मतं, शेवटचं स्वतःच्या नावाचं धरून, त्याने क्वेडलाच दिली. इमानाने.

दोन वर्षांपूर्वी मॅलाकीच्या शवपेटीला पुढून खांदा दिला होता तो क्वेडने.