न मळलेला एप्रन

मी एप्रन बोलतोय. स्वयंपाकघरात नव्हे, चार वर्षं कपाटात काढलेला. एप्रनचा आणि कपाटाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तेच तर माझं रडगाणं आहे, आणि आज ते मी कुणाचीही भीडभाड न ठेवता गाणार आहे.

माझं कापड कुठल्या गिरणीत विणलं गेलं ते मला आठवत नाही. माझा खरा जन्म झाला मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, एका प्रीस्कूलमध्ये, २००४ सालच्या जूनमध्ये. फादर्स डे जवळ आला होता. तिथल्या मिस पॅटी दरवर्षी मुलांकडून वडिलांसाठी काहीतरी करून घ्यायच्या. कधी पुठ्ठ्याचा टाय, कधी किल्ल्या अडकवायची पाटी. त्या वर्षी आम्हा पांढऱ्या एप्रनांची पाळी होती.

माझ्या वाट्याला नैना आली. वय वर्षं चार, नाक वाहतं, बडबड अखंड. मिसने तिचा उजवा हात हिरव्या रंगात बुडवला, डावा केशरी रंगात आणि दोन्ही माझ्या छातीवर दाबले. नेमकी तेव्हाच तिला शिंक आली आणि केशरी अंगठा थोडा फरफटला. मला ते फार आवडलं. मग मिसने विचारलं, "नैना, व्हॉट डज युअर डॅडी कुक?"

"पोहे!"

"व्हॉट्स दॅट, हनी?"

नैनाने खूप विचार केला. "इट्स यलो."

मिसने माझ्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं की माझे बाबा जगात सगळ्यात छान 'पिवळं काहीतरी' करतात. मी खूश झालो. म्हटलं, चला, आता तेल उडेल, हळद लागेल, आपल्या जन्माचं सार्थक होईल.

शुक्रवारी शाळेच्या हिरवळीवर बाबालोकांची पिकनिक होती. मुलांनी बाबांना एप्रन द्यायचे, बाबांनी ते घालून ग्रिलवर हॉट डॉग भाजायचे, असा बेत. नैनाचे बाबा, सिद्धेश, ऑफिसातून थेट आले. पुण्यातून आलेला इंजिनिअर माणूस, गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करतो. म्हणजे ब्रेक घासून, तापवून, पाण्यात बुचकळून, पार मोडेपर्यंत वापरायचे, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. असा मालक मिळाल्यावर कोणता एप्रन हरखणार नाही?

नैनाने मला त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन पंजे बघितले आणि त्याचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही, मी बघितलंय. त्याने तिला उचलून घेतलं, तिचे पटापट मुके घेतले. आणि मग या भल्या माणसाने माझी नीट घडी घातली, गाडीपाशी नेलं आणि मला मागच्या सीटवर ठेवून दार लावून घेतलं!

काचेतून मी बघत राहिलो. माझी सगळी भावंडं केचपने माखत होती. एका दांडग्या बाबाच्या पोटावर मोहरीच्या सॉसचा ओघळ आला होता आणि त्याचा पोरगा टाळ्या पिटत होता. नैना सिद्धेशला हाताने ओढत गाडीपर्यंत घेऊन आली.

"बाबा, माझा एप्रन घाल ना. एव्हरीबडी इज वेअरिंग!"

"अगं, डाग पडतील त्याच्यावर. तू केलास ना? मग जपून नको ठेवायला?"

"मिस सेड इट्स वॉशेबल."

मिस पॅटीही मागून ओरडल्या, मशिनमध्ये धुतलं तरी चालेल म्हणून. सिद्धेश "येस, येस, थँक यू" म्हणत हसला आणि त्याचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. तो तसाच पांढऱ्या फॉर्मल शर्टात ग्रिलपाशी गेला. शर्टाचं व्हायचं ते झालं. मी मात्र कोरा करकरीत घरी आलो.

घर बघितलं आणि मला सगळा उलगडा झाला. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकचा अंगरखा. मायक्रोवेव्हच्या दारावर दुकानातलं स्टिकर तसंच. सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक चादर. या लोकांचं प्रेम असंच असतं. जी वस्तू आवडली तिला हात लावायचा नाही. मला ड्रायक्लीनिंगच्या पिशवीत घालून, बेडरूमच्या कपाटात लग्नातल्या शेरवानीशेजारी टांगलं गेलं आणि खाली डांबरगोळ्या टाकल्या गेल्या. मोहरीच्या फोडणीची स्वप्नं बघणारा मी, डांबरगोळ्यांचा वास घेत लटकलो.

दर रविवारी सकाळी सिद्धेश पोहे करायचा. जुन्या, भोकं पडलेल्या टी-शर्टात! खालून फोडणीचा आवाज यायचा आणि पाठोपाठ नैनाचा.

"बाबा, आज घाल ना माझा एप्रन."

"पुढच्या रविवारी नक्की."

पुढच्या रविवारी, "पाहुणे येतील तेव्हा घालतो हं." पाहुणे आले. त्र्यंबक काका आणि सुचित्रा काकू. मला पिशवीसकट खाली नेण्यात आलं. "बघा, आमच्या नैनाने केलाय. हात नका लावू काका, रंग जाईल." काका चष्मा वर करून लांबूनच म्हणाले, "वा, वा! फ्रेम करून टाक रे." आणि नैना? ती जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. तिला वाटलं, आता तरी बाबा घालणार. मी परत वर गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला इतका राग आला होता, पण एप्रनने ओरडायचं कुठे आणि कसं!

कधीकधी ती एकटीच कपाट उघडायची. पिशवी वर करून माझ्यावर डाग शोधायची. एकही सापडायचा नाही. मग ती दार लावून निघून जायची.

पुढच्या वर्षीचा जून आला. एका संध्याकाळी नैनाची आई, रेणू, कपाटासमोर कपड्यांच्या घड्या घालता घालता सिद्धेशला म्हणाली, "आज नैनाला शाळेतून आणायला गेले तर मिस पॅटी भेटल्या. सगळी मुलं बाबांसाठी पेनस्टँड करत होती. नैनाने केलाच नाही. कोपऱ्यात बसून पझल लावत होती म्हणे."

"का? बरं नव्हतं का तिला?"

"मिसने विचारलं तर म्हणाली, बाबा विल जस्ट पुट इट अवे."

सिद्धेश पलंगावर बसला. "अगं, पण मी किती जपलाय तो एप्रन! तुला माहितीये ना?"

"मला माहितीये रे. तिला कुठे माहितीये?"

त्या रविवारी त्याने मला बाहेर काढलं. गळ्यात घातलं, मागे गाठ मारली. वर्षभराने कुणाच्या तरी अंगाची ऊब लागली हो! आरशासमोर उभा राहून त्याने त्या दोन पंजांवरून बोट फिरवलं. मनात म्हटलं, चल बाबा, खाली चल, पोरगी वाट बघतेय. तो दारापर्यंत गेला, थांबला, आणि परत येऊन गाठ सोडली. ब्रेकचे तुकडे करणारा हा माणूस हळदीच्या एका डागाला घाबरला. असा तळतळाट झाला माझा!

त्यानंतर नैनाने विचारणं सोडलं. रविवार येत राहिले, पोहे होत राहिले. ती मोठ्या शाळेत गेली, दात पडले, नवे आले, घरात बोलणं हळूहळू इंग्रजीतच व्हायला लागलं.

२००८ च्या फादर्स डेला तिने सिद्धेशला एक पाकीट दिलं. आत कॉफीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड. रेणूबरोबर ग्रोसरी आणायला गेली असताना काउंटरवरून उचललेलं. "हॅपी फादर्स डे, डॅड." सिद्धेश "थँक यू बेटा" म्हणाला, तडक वर आला, कपाट उघडलं आणि पिशवी टराटरा फाडली.

अखेर मी स्वयंपाकघर पाहिलं! मोहरी तडतडली, कढीपत्ता उडाला. हळदीचा हात त्याने, मुद्दाम की चुकून कोण जाणे, थेट माझ्या छातीला पुसला. मी धन्य झालो. तेवढ्यात नैना खाली आली, सोबत रात्री राहायला आलेली तिची मैत्रीण.

"डॅड! इज दॅट फ्रॉम प्रीस्कूल?"

"हो! तुझाच आहे. आठवतो ना?"

"ओ माय गॉड. प्लीज टेक इट ऑफ. इट्स सो एम्बॅरसिंग."

मैत्रीण खुदकन हसली. सिद्धेशही हसला, म्हणजे त्याने तसा प्रयत्न केला. मग गाठ सोडून मला खुर्चीवर ठेवलं आणि दोघींना पोहे वाढले.

दुपारी रेणूने मला टॉवेलांबरोबर मशिनमध्ये टाकलं. सिद्धेशला कळलं तेव्हा तो धावत आला, पण मशिन सुरू झालं होतं. तो तिथेच काचेला नाक लावून उभा राहिला. ड्रायर थांबल्यावर त्याने मला घाईघाईने ओढून काढलं. हळद फिकी झाली होती. दोन्ही पंजे मात्र जसेच्या तसे, हिरवागार आणि केशरी, फरफटलेल्या अंगठ्यासकट.

"रेणू, रंग गेलाच नाही गं!"

"मिसने तेव्हाच सांगितलं होतं."

तो जिन्याच्या पायथ्याशी आला आणि मला दोन्ही हातांनी उंच धरलं. "नैना! खाली ये, बघ! रंग जरासुद्धा गेला नाहीये!"

वरून आवाज आला, "ओके, डॅड."

तो मला उंच धरून उभाच राहिला. हात दुखेपर्यंत. वरचं दार काही उघडलं नाही.

आता मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असतो. सिद्धेश रोज मला घालतो, अगदी नुसता चहा करायचा असला तरी. मी भरपूर मळतो, धुतला जातो, पुन्हा मळतो. जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तरी माझा राग जात नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी चिमुकल्या हातांनी काही करून दिलं, तर ते त्याच दिवशी वापरा, ते पोर समोर उभं असतानाच. आम्ही टिकतो हो. आमची काळजी नका करू.