तिरळा सेनापती

दातवालीने पलंगाखालून पेटी ओढून धूळ झटकली, तेव्हाच घरात कुजबुज सुरू झाली. तिला सगळे दातवालीच म्हणत. उभा जन्म तिने लॅबमध्ये लोकांचे खोटे दात घडवले. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायची की हसणाऱ्यालाही आपला कुठला ते आठवू नये. मग उजवा हात थरथरायला लागला, मालकाने गोड बोलून निरोप दिला आणि दातवाली घरी बसली.

पेटीत तिचं लग्नाआधीचं सैन्य होतं. टेबलावर मांडून, फासे टाकून लढायच्या खेळातले बोटभर उंचीचे शिपाई: कुऱ्हाडवाले बुटके, शिंगवाले राक्षस, पंख तुटलेला एक ड्रॅगन. थोडे रंगवलेले, बाकीचे करडे, उघडेबोडके. संसाराच्या रगाड्यात त्यांच्या अंगावर कपडे चढवायचे राहूनच गेले होते.

घरात नीट उजेड एकाच जागी यायचा, खिडकीखालच्या टेबलावर. आणि त्या टेबलावर नणंदेचा डोळा होता. नणंद नुकतीच कायमची राहायला आली होती, सोबत शिलाई मशीन घेऊन. वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. पण देवाचं केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी. आधी तिने भावाला घोळात घ्यायचा प्रयत्न केला: मशीनवर चार कपडे तरी शिवून होतील, बाहुल्या रंगवून काय होणार? भावाने टीव्हीचा आवाज वाढवला. मग तिने भावजयीलाच गाठलं.

"अगं, हात थरथरतो त्याला टेबल कशाला?"

दातवालीला ते लागलं. लॅबमध्ये मालक जे गोड बोलला होता, ते हेच होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "एक बुटका पुरा करते. नाही जमला तर टेबल तुमचं. मशीन मीच उचलून ठेवीन."

बोलून तर गेली. दाढी जमली, चिलखत जमलं. पातळ रंगाचे थरावर थर चढले. पण डोळे? वाटाण्याएवढा चेहरा, त्यात राईएवढा डोळा. ब्रशचं टोक जवळ नेलं की नाचायला लागायचं. एकदा बुबुळ भुवईवर चढलं, एकदा नाकात शिरलं. पुसून पुसून बिचाऱ्याची सालं निघायची वेळ आली.

तिचे डोळे भरून आले आणि पाठोपाठ संताप आला. देवा, ती पुटपुटली, हात तू दिलास, थरथरही तूच दिलीस, आता हा डोळा काढायलाही तूच ये. उजव्या हातात ब्रश, डाव्यात, धरायला सोपं जावं म्हणून बाटलीच्या बुचावर चिकटवलेला बुटका. रागारागाने तिने मनगटाला मनगट घट्ट टेकवलं, आणि थबकली. उजवा हात थरथरला तसा डावाही थरथरला, त्याच्याबरोबर बुटकाही. भजनात खांद्याला खांदा लावून बसलेले दोघे डोलावेत तसे ब्रश आणि चेहरा एका लयीत डोलत होते. मग थरथर उरली कुठे? बघणाऱ्याला दिसली असती; त्या दोघांत ती नव्हतीच.

नणंद नेमकी तेव्हाच टेप घेऊन टेबल मोजायला आली. पाठीमागून तिला दिसलं ते इतकंच: मान खाली, हात जुळलेले, ओठ हलताहेत. ती चपला काढून पावलं न वाजवता मागे फिरली आणि भावाला दटावलं, आवाज बंद कर, ती जपाला बसलीय. सगळं घर चिडीचूप झालं.

पुष्कळ वेळाने नणंद हात जोडूनच आत आली आणि खांद्यावरून डोकावली. लाल दाढीचा, कुऱ्हाड उगारलेला बुटका तिच्याकडेच डोळे वटारून बघत होता.

"मला वाटलं, देवाचं चाललंय."

"देवाचंच चाललं होतं, वन्सं. थरथरत्या हाताला दुसरं कोण कामावर ठेवतं?"

नणंदेने चष्मा चढवला. बराच वेळ निरखलं. "तिरळा आहे की गं हा."

"आहे. एक डोळा शत्रूवर, एक टेबलावर."

नणंदेला हसू आवरेना. टेप गुंडाळून ती निघाली. मशीन दाराजवळही मावेल, असं काहीसं भावाला सांगू लागली.

दातवालीने तिरळ्याचं बुबुळ काही सुधारलं नाही. त्याला सैन्याच्या पुढे उभं केलं, पेटीतून शिंगवाला राक्षस काढला आणि मनगटाला मनगट लावलं.

"आणि वन्सं," तिने मागे न बघता सांगितलं, "टीव्ही बंदच राहू दे."