शिगेनोच्या भुवया

डॉक्टर मुरासेंनी पोकळ सुई शिगेनोच्या भुवईच्या रिकाम्या जागी टोचली आणि तिच्यातून एक केस आत सरकवला. मग दुसरा. केस तिच्याच डोक्याच्या मागच्या बाजूचे होते.

“दुखतंय का?”

“दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, डॉक्टरसाहेब. तिथं कित्येक वर्षं काही कळतच नाही.”

बेटावरच्या या महारोग्यांच्या वसाहतीत, रोगाने गळालेल्या भुवया पुन्हा कशा उगवतील यावर मुरासेंचं संशोधन चालू होतं. रोग गेला, मग भुवयांचे चोचले कशाला, असं तोक्योतले डॉक्टर म्हणत. पण नव्या इंजेक्शनांनी जंतू मेले, तरी बिनभुवयांचा चेहरा लोक लांबूनच हेरत. त्या माणसाला सार्वजनिक न्हाणीघरात घेत नसत, गाडीत त्याच्या शेजारी बसत नसत.

महिनाभरात लावलेले केस गळून गेले. शिगेनो उशीत तोंड खुपसून रडली.

“मूळ आत आहे,” मुरासे म्हणाले. “धीर धरा.”

उन्हाळा सरता सरता खरंच काळी लव दिसू लागली. पण मूळ डोक्यावरचं, त्यामुळे केस वाढायचे थांबेनात.

“आता वेणी घाल हो त्यांची!” शेजारच्या खाटेवरची उमे म्हातारी म्हणाली आणि खोलीभर हशा पिकला. मग तिनेच शिगेनोला कात्री आणून दिली.

घरी जायची परवानगी मिळाली तेव्हा शिगेनोने भुवया नीट कापून घेतल्या. बोटीत शेजारच्या बाईने आपणहून अर्धं संत्रं पुढे केलं. शिगेनोने ते एकेक फोड करत धक्का येईपर्यंत पुरवून खाल्लं.

थोरला भाऊ कान्जिरो अंगणात सोललेली पर्सिमनची फळं माळ करून सुकायला टांगत होता. तिला पाहताच हातातली माळ टाकून तो धावत आला.

“शिगे!”

“दादा, मी बरी झाले. कागद आहे बघ डॉक्टरांचा.”

तो कागदाकडे पाहत नव्हता. तिच्या तोंडाकडे पाहत होता. त्याचे डोळे भरून आले.

“कोण आलंय रे, कान्जिरो?” कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली.

“कोणी नाही, काकू! वाट चुकलीय एक बाई.”

त्याने शिगेनोला दंडाला धरून कोठीच्या आडोशाला ओढलं.

“तू ओसाकाला तापाने गेलीस, असं सांगितलंय गावात. देव्हाऱ्यात पितरांच्या पाट्यांमध्ये तुझ्या नावाची पाटी आहे. माझ्या पोरीचं लग्न ठरतंय, शिगे. मुलाकडच्यांना कळलं तर...”

“मी बोलणार नाही कुणाशी. लांबची कुणीतरी म्हणून सांग.”

कान्जिरोने नकारार्थी मान हलवली.

“भुवया नसत्या, तर कुणीतरी भिकारीण म्हणून खपली असतीस. आता हुबेहूब तूच दिसतेस गं.”

त्याने टांगलेल्या माळेतली चार फळं तोडून तिच्या ओंजळीत दिली. अजून सुकलीही नव्हती ती, तुरटच होती. मागच्या वाटेने बांधापर्यंत तो तिच्याबरोबर आला; पुढे आला नाही.

बेटावर परतल्यावर मुरासेंनी तिला उजेडात बसवलं आणि दोन्ही भुवया बोटाने चाचपून पाहिल्या.

“घरचे काय म्हणाले?”

“दादाने लांबूनच ओळखलं.”

“वा! हेच तर ऐकायचं होतं!” मुरासे खुलले. त्यांनी हात धुतले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.