ज्या दिवशी मी अडकायला हवं होतं

मी दरवाजा बोलतोय, आणि अख्ख्या नांदुऱ्यात माझ्याइतका शिकलेला दरवाजा तुम्हाला सापडणार नाही. चांगली अकरा वर्षं शाळेत काढली आहेत मी! आता तुम्ही खोदून विचारालच, म्हणून आधीच सांगून टाकतो. तिसरी आणि चौथीच्या मधल्या भिंतीत मला बसवलं होतं. प्रश्न तिसरीतून ऐकू यायचा आणि उत्तर चौथीतून. त्यामुळे भारताची राजधानी कोणती असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर येतं, 'बाकी उरले तीन'.

जात माझी सागाची. सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूरच्या वरच्या अंगाला मी वाढलो. सुताराने दोन फळ्या सांधून मला घडवलं, पितळी कडी लावली आणि शाळेत धाडलं. तिथेच मला खोड्यांची चटक लागली. मास्तर रागाने तरातरा निघाले की मी अडकायचो. तपासणीचे साहेब आले की असा करकरायचो की पोरं तोंडात रुमाल कोंबायची. एकदा तर एका साहेबांचं धोतर मी कडीत धरून ठेवलं. खोटं कशाला बोलू, धोतर नव्हतं, उपरणं होतं. पण गोष्ट धोतराचीच बरी वाटते.

पुढे शाळेला लोखंडी दारं आली आणि मला भगवंतरावांनी विकत घेतलं. भगवंतराव म्हणजे रेल्वेचे फाटकवाले. नांदुऱ्याच्या कडेला, काळ्या मातीच्या प्लॉटवर त्यांनी घर बांधलं आणि मी त्या घराचं पुढचं दार झालो.

काळी माती तुम्हाला माहीत आहेच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभं राहिलेलं घरही मग दरवर्षी थोडं उठतं, थोडं बसतं. त्या घरात न्हाणीचं पाणी मागच्या कोपऱ्यातच मुरायचं. म्हणून तो कोपरा जास्त हलायचा, चौकट तिरपी व्हायची आणि आषाढ लागला की मी अडकायचो. ही माझी खोडी नव्हती बरं का. हे एकच काम मी जन्मात प्रामाणिकपणे केलं.

फाटकवाल्याला सवय असते, फाटक कधी लावलं, कधी उघडलं, सगळं वहीत लिहायचं. भगवंतरावांनी माझ्या पाठीचीच वही केली. निळ्या पेन्सिलीने लिहायचे, 'बारा जुलै. दार अडकलं.' मग दिवाळीनंतर, 'नऊ नोव्हेंबर. दार मोकळं. मागचा कोपरा पाहिला. भेग एक बोट.' त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कपाळावर हात मारायच्या.

"अहो, हे घर हाये का फाटक? उद्या मलेबी सिग्नल द्याल!"

"तुले कोन थांबवून राह्यलं? तू तं बिनसिग्नलची गाडी," भगवंतराव म्हणायचे आणि पुढची तारीख टाकायचे.

बावीस वर्षांच्या तारखा जमल्या माझ्या पाठीवर. पाठीवर एवढं लिहिलेलं असूनही मी स्वतः त्यातलं अर्धंच वाचू शकायचो, ती गोष्ट वेगळी.

मग दोघं म्हातारपणी लेकाकडे अकोल्याला गेले आणि घर हिंमतरावांनी घेतलं.

हिंमतराव म्हणजे गोरागोमटा, हसरा माणूस. आधी कापडाचं दुकान होतं. आता जुनी घरं घ्यायची, दोन महिन्यांत नवीसारखी करायची आणि चढ्या भावाने विकायची, हा धंदा. जाताना भगवंतरावांनी त्यांना हाताला धरून माझ्यामागे आणलं. म्हणाले, "हिंमतभाऊ, हे सारं वाचा. त्या कोपऱ्याचा पहिले बंदोबस्त करा. न्हाणीचं पानी दूर काढा."

"हाव काका, हाव. पहिलं काम तेच," हिंमतराव म्हणाले. काका रिक्षात बसले, रिक्षा वळली, आणि पहिलं काम सुरू झालं ते छताला निळे दिवे लावायचं.

हिंमतरावांचा एक नेम होता. तो ते कारागिरांना रोज ऐकवायचे. "गिऱ्हाईक डोयानं घर घेते रे बाबू. जे दिसत नाही, ते करू नोको." म्हणून खाली चकचकीत फरशी झाली, स्वयंपाकाच्या ओट्यावर काळा दगड आला. आणि मागच्या कोपऱ्यातल्या भेगेत सिमेंट कोंबून, वरून पुट्टी फासून, त्यावर भिंतभर धबधब्याचं चित्र चिकटवलं. काय ते चित्र! हिरवं रान, निळं पाणी, कडेला बिचकलेलं हरीण. ते हरीण सोडलं तर त्या कोपऱ्याची कुणालाच भीती वाटत नव्हती.

मग माझी पाळी आली. गजेंद्र सुतार आला, त्याने मला उतरवून आडवा केला आणि माझी चौकट डोळा बारीक करून पाहिली.

"हिंमतभाऊ, चौकट तिरपी आहे. जमीन हालून राह्यली इथं. आन् हे पाठीवर काय काय लिहेल आहे, तारखाच तारखा..."

"तू काय तलाठी आहेस का वाचाले? कडीच्या बाजूनं रंधा मार. बोटभर सैल कर. पाठ घासून टाक, पॉलिश चढव. जूनच्या आत घर गेलं तं ठीक. नाही गेलं तं हे जुनं धूड चुलीत अन् लोखंडी दार चौकटीत."

गजेंद्रने आधी कडीच्या बाजूने रंधा फिरवला. मग त्याने मशीन सुरू केलं.

इथून पुढचं सांगताना मला लाज वाटते. मशीन पाठीवर फिरत होतं, बावीस वर्षांच्या तारखा भुसा होऊन उडत होत्या, आणि मला गुदगुल्या होत होत्या. मी हसत होतो. पॉलिश चढल्यावर तर मी स्वतःलाच ओळखेना. एवढा देखणा मी शाळेतही नव्हतो. आणि चूल म्हणजे काय असते ते सागाच्या फळीला वेगळं शिकवावं लागत नाही.

मे महिन्यात माणसं घर बघायला येऊ लागली. घर बघणारी माणसं ही एक मजाच असते. पुरुष भिंतीवर टिचक्या मारून बघतात, टरबूज घेतल्यासारखं. ऐकू काय येतं देव जाणे, पण मान मात्र हलवतात. बायका नळ सोडतात. एक गृहस्थ अर्धा तास फक्त निळे दिवे चालू-बंद करत होते. मी एकेकाची थोडी थोडी गंमत केली. कुणाचा पदर धरला, कुणाचं बोट चेंगरलं. हिंमतराव माझ्याकडे बघायचे आणि दात खायचे.

मग एके सकाळी कलाबाई आल्या. सोबत त्यांची लेक सारिका. कलाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. एकोणतीस वर्षं क्वार्टरमध्ये काढलेली. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे, असं त्या हसत सांगत होत्या. आता कुणाला न विचारता खिळा ठोकता येईल असं एक घर त्यांना हवं होतं. आयुष्याची सगळी पुंजी एकदाच बाहेर निघणार होती.

सारिका धबधब्यापुढे फोटो काढत होती. कलाबाई मात्र छत बघेनात, ओटा बघेनात. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हिंमतभाऊ, काळी माती आहे ना इथं? हे दार पावसाळ्यात अडकते का?"

सगळ्या गिऱ्हाइकांत खरा प्रश्न विचारणारी ही एकटीच. हिंमतरावांनी तो हसण्यावारी नेला. "आता मी काय सांगू ताई! दारालेच इचारा ना!"

कलाबाईंनी खरंच मला विचारलं. एक बोट माझ्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काय भाऊ, पावसाळ्यात तरास देशीन का?"

मला काय करायचं होतं माहीत आहे? काहीच नाही. वरची बिजागरी जरा सोडायची, फरशीवर एक ओरखडा काढायचा. बस. हे मी मास्तरांना केलं, साहेबांना केलं, सरस्वतीबाईंच्या व्याह्यांना तर दोन वेळा केलं. जन्मभर नको तिथे अडकलो. त्या दिवशी, एकदाच, अडकायला हवं होतं.

पण डोळ्यांपुढे चूल होती. आणि खरं सांगतो, चुलीपेक्षाही ते बोट होतं. इतक्या प्रेमाने मला कुणी ढकललं नव्हतं. मी फिरलो. आवाज न करता, लोण्यासारखा, पार भिंतीपर्यंत गेलो.

"लय गुणाचं दार आहे हो!" कलाबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गुणाचं म्हणालं, आणि ते खोटं होतं.

कलाबाई राहायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः खिळा ठोकला. सारिकाने हातोडी मागितली तर दिली नाही. त्यावर तथागतांची तसबीर लावली आणि दहा मिनिटं नुसत्या बघत बसल्या. दर रविवारी त्या माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावायच्या, ओल्या फडक्याने मला पुसायच्या. माणसं फाटक्या तोंडाने शिव्या देतात ना, ते सोसता येतं. हे तेल सोसवत नव्हतं. मी आतल्या आत आषाढाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये असंही म्हणत होतो.

तो आला. आषाढ पौर्णिमेला बौद्धांचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पहिलं वाचन आपल्या घरी ठेवायचं असं कलाबाईंनी क्वार्टरमध्ये असतानाच ठरवलेलं. चार दिवस पाऊस चालू होता. सहा वाजता पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका चटया घेऊन पुढच्या ओट्यावर आल्या. आत मेणबत्त्या लागल्या होत्या, खीर झाली होती. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून मला लावून घेतलेलं होतं.

"कलाबाई, उघडा ना वो!"

"उघडून राह्यली ना बाई, ओढून राह्यली!"

बाहेरून पाचजणींनी ढकललं, आतून एकटीने ओढलं. मी हललो नाही. माझी इच्छा असती तरी हललो नसतो. मातीने चौकट अशी धरली होती. मागच्या दाराशी न्हाणीच्या पाण्याचं गुडघाभर तळं साचलेलं, तिकडूनही वाट नव्हती. शेजारच्या मंजुश्रीबाई खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "काय वो मावशी, तुमच्या घरात यायले बी अर्ज करा लागते का आता?"

सगळ्या हसल्या. कलाबाईही हसल्या. पण मी आतल्या बाजूनेही असतो ना, मला त्यांचा चेहरा दिसत होता.

शेवटी कलाबाई खिडकीच्या गजांआड बसल्या आणि तिथून वाचू लागल्या. बायका ओट्यावर, वळचणीखाली अंग चोरून बसल्या. एकोणतीस वर्षं ज्या घरात माणसं बसवायची म्हणून थांबल्या, त्या घराच्या बाहेर माणसं बसली. खिरीच्या वाट्या गजांतून बाहेर गेल्या. वाचन संपत आलं आणि मागच्या कोपऱ्यात फर्र झालं. धबधबा मधोमध फाटला. हरीण एका बाजूला, पाणी एका बाजूला, आणि मध्ये कलाबाईंचं बोट जाईल एवढी भेग.

सकाळी गजेंद्रने पहार लावून मला उघडलं आणि उतरवून ओट्यावर ठेवलं. हिंमतरावही आले होते. सारिकाने फोनवर काय ऐकवलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गजेंद्रचा हात माझ्या वरच्या कडेवर गेला आणि तिथेच थांबला. त्या कडेवर मशीन फिरलं नव्हतं. निळ्या पेन्सिलीची एक ओळ राहिली होती.

"'बारा जुलै. अडकलं. मागचा कोपरा पाहा,'" त्याने वाचलं.

"कोनं लिहिलं हे?" कलाबाईंनी विचारलं.

गजेंद्र खाली बघत म्हणाला, "पहिल्या मालकानं, मावशी. पाठभर होतं. न्हाणीचं पानी त्या कोपऱ्यात मुरते, पहिले त्याचाच बंदोबस्त पाह्यजे होता. म्याच घासलं."

हिंमतराव घाईने म्हणाले, "ताई, तुम्ही कायले टेन्शन घेता? दिवाळी झाली का दार मोकळं होते. भेग बुजवू, नवं चित्र लावू. मी सोता गिऱ्हाईक आनतो. तुमचा फायदाच होईन."

"गिऱ्हाईक म्हंजे कोन?"

"येईनच कोनी ना कोनी."

"आन् तिनंबी माह्यासारखं दाराचं इचारलं तं?"

हिंमतराव खिशात गाडीची किल्ली शोधू लागले.

"मले विकाचं नाही, भाऊ," कलाबाई म्हणाल्या. "तुम्ही जे काम पहिले कराले पाह्यजे होतं, ते करून द्या. न्हाणीचं पानी त्या कोपऱ्यातून दूर काढा."

"पाहतो," म्हणून हिंमतराव गेले. अजून पाहतच आहेत. गजेंद्र मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः कुदळ घेऊन आला, चर खणला, पाइप टाकला. मला परत बसवताना त्याने रंधा काढला, तर कलाबाईंनी त्याचा हात धरला. "नोको. अडकू दे त्याले. मले समजलं पाह्यजे." आता पावसाळाभर मी बंद असतो. येणारे-जाणारे मागच्या दाराने येतात, आणि जाता-येता प्रत्येकाला ती भेग दिसते.

तर मंडळी, हा असा मी. पॉलिश अजून आहे, पण त्यात मला माझं तोंड बघवत नाही. तुम्ही घर घ्यायला निघालात तर एवढं ऐका: उन्हाळ्यात एकदा जा, आणि भर पावसात पुन्हा जा. छताचे दिवे राहू द्या, न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघा. दाराला विचारा, पण दाराच्या बोलण्यावर जाऊ नका. त्यालाही चुलीची भीती असते.

काल दुपारी कलाबाई मला पाठ टेकून मेथी निवडत बसल्या होत्या. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मला बोलता येतं ते एकच. सगळं बळ बिजागरीत गोळा केलं आणि लांबलचक करकरलो. चुकलं माझं, कलाबाई. त्या दिवशी मी अडकायला हवं होतं.

कलाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. मान वळवली आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आता काऊन करकरून राह्यला रे? मी बोट लावून इचारलं होतं, तवा कोनं तोंड धरलं होतं तुह्यं?"